बंद गाडी चालवायलाही शिकवा: पुण्यातल्या ड्रायव्हिंग स्कूलना खुले पत्र

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या सर्व मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे मालक आणि प्रशिक्षक यांस,

स.न.वि.वि.

मी नऱ्हे भागात गॅरेज चालवतो. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून वारज्यापर्यंतच्या पट्ट्यात बंद पडलेल्या गाड्या आमच्याकडे नेहमी येतात. काही क्रेनवर येतात, पण बऱ्याचशा दुसऱ्या गाडीला दोरी बांधून, टोचन करून आणलेल्या असतात. मागच्या बंद गाडीतून उतरणारा माणूस घामाघूम असतो आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ब्रेकच लागत नव्हता हो!"

ब्रेक लागत असतो. इंजिन बंद असताना तो कसा लावायचा, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. लायसन्स त्याच्या खिशात असतं, दहा-दहा वर्षं गाडी चालवलेली असते आणि तरीही बंद गाडीच्या स्टिअरिंगवर बसण्याची ती त्याची पहिलीच वेळ असते. तीही हायवेवर, मागून ट्रक येत असताना.

हे पत्र वाहतूक पोलिसांना किंवा महापालिकेला लिहावं असं अनेकांनी सुचवलं. त्यांनी करण्यासारखं पुष्कळ आहे. पण माझ्या समोर जो प्रश्न रोज येतो तो तुमच्या वर्गात सुटू शकतो, म्हणून तुम्हालाच लिहितो आहे. मागणं एकच आहे. तुमच्याकडे कार शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला एक तास बंद गाडीवर द्या.

आधी कायद्याचं बघू. 1989 सालच्या रस्त्याच्या नियमांत टोचनबद्दल स्वतंत्र कलम होतं आणि 2017 मध्ये केंद्र सरकारने वाहनचालनाचे नवे विनियम आणले तेव्हा ते त्यातही आलं. बिघडलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढायची ती जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत. दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको. दोरी किंवा साखळी इतरांना सहज दिसली पाहिजे. वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती अट अशी, की ओढल्या जाणाऱ्या गाडीची पुढची चाकं क्रेनने वर उचललेली नसतील, तर तिच्या ड्रायव्हरच्या सीटवर ती गाडी चालवण्याचं लायसन्स असलेला माणूस बसलेला हवा.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. लायसन्स मिळालेल्या माणसाला बंद गाडी सांभाळता येते, असं कायदा धरून चालतो. आणि त्या लायसन्सपर्यंत त्याला तुम्ही नेता. मग हे त्याने शिकायचं कुठे?

आपल्या घराघरांतली एक सवय इथे सांगायलाच हवी. गाडी बंद पडते, भावाला किंवा मित्राला फोन जातो, तो आपली गाडी घेऊन येतो. दोरी बांधली जाते. मग "तू मागे बस, तुला काय, नुसतं स्टिअरिंग धरायचंय" असं म्हणून बायकोला, नुकतंच लायसन्स मिळालेल्या मुलाला किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बंद गाडीत बसवलं जातं आणि घरातला सगळ्यात मुरलेला ड्रायव्हर पुढच्या, चालू गाडीत बसतो. हे अगदी उलटं आहे. पुढच्या गाडीत ब्रेक, स्टिअरिंग, आरसे सगळं रोजच्यासारखं चालू असतं. तिथे फक्त संयम लागतो. मागच्या गाडीत ब्रेक जड, स्टिअरिंग जड, पुढचा रस्ता दिसत नाही आणि दोन्ही गाड्या थांबवायचं काम बऱ्याच अंशी त्याच माणसाच्या पायावर. जो जास्त अनुभवी, त्याने मागे बसायचं. तुमच्या विद्यार्थ्यांच्या डोक्यात एवढं एक वाक्य बसलं तरी माझ्या गॅरेजच्या दारात येणाऱ्या चेपलेल्या बोनेटांची संख्या कमी होईल, याची मला खात्री आहे.

आता त्या तासात काय शिकवावं ते लिहितो. तुम्हाला यातलं बरंच ठाऊक असेल. पण ठाऊक असणं आणि विद्यार्थ्याच्या पायाला ते जाणवून देणं यात अंतर आहे.

ब्रेकपासून सुरुवात करा. त्यासाठी रस्ता लागत नाही, दोरी लागत नाही, तुमच्या स्कूलच्या गाडीत उभ्या जागी होतं. सपाट जागेवर गाडी लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि इंजिन बंद करा. विद्यार्थ्याला ब्रेक दाबून सोडायला सांगा, पुन्हा दाबायला सांगा. पहिल्या एक-दोन वेळा पेडल नेहमीसारखं मऊ लागेल. मग ते दगडासारखं कडक होईल. आता पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करायला सांगा. पेडल पायाखाली आपोआप थोडं खाली जाईल. ब्रेक बूस्टर म्हणजे काय हे त्या क्षणी जितकं कळतं तितकं फळ्यावरच्या आकृतीने कळत नाही.

कारणही सांगा. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो. पेट्रोल गाडीत ती व्हॅक्यूम इंजिन हवा आत ओढतं त्यातून मिळते, डिझेल गाडीत त्यासाठी पंप असतो. इंजिन थांबलं की बूस्टरमध्ये साठलेली व्हॅक्यूम दोन-तीनदा ब्रेक दाबण्यात संपते. त्यानंतर ब्रेक ऑइलचा दाब तेवढाच इमानाने चाकापर्यंत जातो, पण तो तयार करायला सगळा जोर आपल्या मांडीचा लागतो. घाबरलेला माणूस कडक पेडलवरून पाय काढतो आणि "ब्रेक गेला" म्हणतो. त्याने सीट थोडी पुढे घेऊन, पाठ सीटला टेकवून, पूर्ण ताकदीने पेडल दाबून धरलं तर गाडी थांबते. पुन्हा पुन्हा पंप करून उरलीसुरली व्हॅक्यूम घालवायची नाही, हेही सांगा. आणि हँडब्रेक. ज्या गाड्यांत ओढायचा दांडा आहे तिथे तो केबलवर चालतो, इंजिनशी त्याचा संबंध नाही. टोचन करताना दांड्याचं बटण अंगठ्याने दाबून ठेवून तो हळूहळू ओढता-सोडता येतो. मागच्या माणसाचा तो दुसरा आधार आहे.

प्रशिक्षकांसाठी एक सूचना. तुमच्या बाजूचं जादा पेडल त्याच ब्रेकला जोडलेलं असतं, त्यामुळे बंद गाडीत तेही तितकंच कडक होणार. विद्यार्थ्याला बसवण्याआधी हे स्वतः करून बघा.

नंतर स्टिअरिंग. किल्ली काढली आणि स्टिअरिंग जरा फिरवलं की ते लॉक होतं, हे बहुतेकांना माहीत असतं, पण टोचनच्या वेळी नेमकं विसरलं जातं. "इंजिन बंदच आहे, किल्ली कशाला" असं म्हणून किल्ली खिशात जाते आणि पहिल्याच वळणाला गाडी सरळ जाते. किल्ली आत हवी आणि 'ऑन'वर हवी, म्हणजे स्टिअरिंग मोकळं राहील आणि बॅटरीत जीव असेल तर ब्रेकलाइट, हॉर्न, वायपर, इंडिकेटरही चालतील. बटणाच्या गाड्यांत ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबत गेलं की बहुतेक ठिकाणी 'ऑन' लागतं. विद्यार्थ्याला त्याच्या घरच्या गाडीत ते कसं लागतं हे शोधून यायला सांगा. बॅटरी पार संपली असेल तर काही बटणाच्या गाड्यांचं स्टिअरिंग सुटतच नाही. मग दोरीचा विचार सोडून क्रेन बोलवायची.

स्टिअरिंग किती जड होतं हे कळायला एका मोकळ्या, सपाट मैदानात दोघांनी मागून गाडी ढकलायची, विद्यार्थ्याने स्टिअरिंग धरायचं, एक वळण घ्यायचं आणि ठरलेल्या रेषेवर थांबवायची. माणूस चालतो त्या वेगाने. उतार वापरू नका, घाई करू नका. चार जणांची बॅच असेल तर ढकलणारेही विद्यार्थीच. एका सकाळी सगळ्यांचं होतं.

हे झालं की दोरी दाखवा. माझा सगळ्यात जास्त राग या विषयावर आहे.

बहुतेक गाड्यांच्या डिक्कीत, स्टेपनीच्या आसपास जॅक आणि पान्याबरोबर एक जाड लोखंडी कडी असते. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत ती सुटी मिळते. बंपरवर एक छोटं चौकोनी किंवा गोल झाकण असतं, ते उचकटलं की आत आटे दिसतात, त्यात ती कडी पूर्ण घट्ट बसवायची. काही कंपन्यांच्या गाड्यांत हे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून घट्ट होणारे. गाडी पाच-सहा वर्षं वापरलेल्या मालकाला ही कडी गाडीत आहे हेच ठाऊक नसतं. मग दोरी बंपरला बांधली जाते आणि बंपर निघून रस्त्यावर येतो. नाहीतर कुणीतरी मदतीला आलेला भला माणूस खाली झोपून टाय रॉडला किंवा लोअर आर्मला दोरी गुंडाळतो. टाय रॉड हा स्टिअरिंगचा भाग आहे. तो वाकला की आधी फक्त इंजिन बंद असलेली गाडी आता वळवताही येत नाही. गाडी ट्रेलरवर बांधून नेण्यासाठी खाली काही कड्या असतात, त्याही ओढण्यासाठी नसतात.

दोरी कसली? कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी, मांडववाल्याकडचा सुंभ, बोअरवेलचा तुटका वायर रोप, सगळं बघून झालं आहे. नाना पेठेत गाड्यांच्या सामानाच्या दुकानांत टोचनचा रुंद पट्टा दोन्ही टोकांना हूक लावलेला मिळतो. गाडीच्या वजनाला पुरेल असा मागून घ्यायचा आणि डिक्कीत टाकून ठेवायचा. शक्य असेल तिथे पट्ट्याऐवजी लोखंडी टोचन बार चांगला, कारण त्याने अंतर कायम राहतं आणि मागची गाडी पुढच्यावर आदळत नाही. साखळीला अजिबात ताण खाण्याची सवय नसते, प्रत्येक झटका थेट कडीवर येतो. गाठी मारू नका, गाठीपाशी दोरी कमजोर होते आणि ताण बसला की ती गाठ सुटतही नाही. पट्ट्याच्या मध्यावर लाल कापड बांधायचं. मागच्या गाडीवर पांढऱ्या पाटीवर ठळक काळ्या अक्षरांत 'ऑन टो' लिहायचं, कार्डबोर्ड आणि मार्कर असला तरी काम होतं. आणि दोरी ताणली जात असताना तिच्या आसपास कुणीही उभं राहायचं नाही. ताणलेली नायलॉनची दोरी तुटली तर तिच्या टोकाचा हूक कुणाच्याही डोक्यात बसू शकतो. पोरं बघायला गोळा होतात, त्यांना आधी लांब करा.

निघण्याआधी दोन्ही ड्रायव्हरनी समोरासमोर उभं राहून बोलायचं. रस्ता कुठला, कुठे वळायचं, थांबायचं असेल तर मागच्याने हॉर्न किती वेळा द्यायचा. मोबाइलवर बोलत बोलत नेऊ असं म्हणतात, ते नको. पुढच्याने पहिल्या गिअरमध्ये अगदी हळू निघून आधी दोरीचा सैलपणा काढायचा, दोरी ताठ झाली की मग जोर द्यायचा. झटक्याने क्लच सोडला की कडी किंवा दोरी, काहीतरी तुटतं. मागच्याचं सगळं लक्ष दोरीवर. ती सैल पडू द्यायची नाही. पुढच्याचा ब्रेकलाइट दिसण्याआधी, पुढे सिग्नल लाल दिसला की मागच्याने स्वतःच हलका ब्रेक धरायचा, म्हणजे दोरी ताठ राहते आणि दोन्ही गाड्या एकत्र थांबतात. ही गोष्ट सरावाशिवाय येत नाही. मैदानात दोन फेऱ्या मारल्या की येते. मला तुमच्याकडून हवा असलेला तास मुख्यतः यासाठीच आहे.

आणखी एक. दोरीवर असताना मागच्या गाडीला सेकंड गिअर टाकून ती चालू करायचा मोह होतो. तसं करू देऊ नका. इंजिन धरलं की मागची गाडी उसळून पुढच्या गाडीत घुसते. बॅटरी उतरली असेल तर जंप केबल लावा किंवा मेकॅनिकला बोलवा.

हे सगळं पुण्याच्या रस्त्यावर करायचं आहे, हे विसरून चालणार नाही. स्वारगेटला किंवा नळ स्टॉपला सिग्नलवर अशा दोन गाड्या थांबल्या की मधल्या पाच मीटरच्या जागेत टू-व्हीलर शिरणारच. तिच्या चालकाला दोरी दिसत नाही, संध्याकाळनंतर तर नाहीच. सिग्नल सुटतो, दोरी ताठ होते आणि मधला माणूस अडकतो. म्हणून लाल कापड मोठं लावायचं आणि मागच्याने काच खाली करून हात बाहेर काढून लोकांना थोपवायचं. बरोबर तिसरा माणूस टू-व्हीलरवर असेल तर त्याने मागून चालायचं, मागच्यांना सावध करत. पेठांमधल्या गल्ल्यांत आणि गर्दीच्या वेळी दोरीवर गाडी नेऊच नका. वळताना मागची गाडी आतल्या बाजूला ओढली जाते, तेव्हा पुढच्याने वळण रुंद घ्यायचं, नाहीतर कोपऱ्यावरची फळांची हातगाडी जाते.

उताराचं मात्र स्पष्ट सांगतो. बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर दोरीने टोचन करायचं नाही. कात्रज घाट, दिवे घाट, बोपदेव घाट इथेही नाही. उतारावर पुढची गाडी ओढत नसते, मागची आपल्या वजनाने पुढे येत असते आणि दोरी सैल पडून चाकाखाली जाते. तिला थांबवायला तो कडक झालेला ब्रेक एकटाच उरतो. त्यात नवले पुलाचा हा उतार कसा आहे हे तुम्ही जाणता. 20 नोव्हेंबर 2022 च्या रविवारी रात्री याच रस्त्यावर एका अवजड वाहनाने चाळीसहून जास्त गाड्यांना धडक दिली होती. तिथे सगळे वेगाने खाली येत असताना आपण पंचविसाच्या आत चाललेलो असणं हाच धोका आहे. अशा जागी क्रेन येईपर्यंत थांबणं हेच एक करण्यासारखं काम असतं, आणि तेही गाडीत बसून नाही.

थांबण्याबद्दलही शिकवा, कारण दोरी बांधण्याआधीही जीव जाऊ शकतो. गाडी अडखळायला लागली की वेग आहे तोवर डाव्या कडेला, शक्य असेल तर सर्व्हिस रोडला घ्यायची. मधल्या लेनमध्ये थांबून फोन लावायचा नाही. चारी इंडिकेटर लावायचे. सगळ्यांनी डाव्या दाराने उतरून रेलिंगच्या पलीकडे जायचं, गाडीच्या मागे किंवा पुढे उभं राहायचं नाही. नव्या गाडीबरोबर लाल त्रिकोण मिळतो. तो कित्येकांच्या डिक्कीत प्लॅस्टिकच्या पाकिटातच पडलेला असतो. साध्या रस्त्यावर पन्नासएक पावलं मागे, हायवेवर शंभराच्या पुढे, आणि मागे वळण असेल तर वळणाच्याही आधी ठेवायचा. तो ठेवायला जाताना आपल्याकडे येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, रेलिंगच्या आतून चालायचं. झाडाची फांदी किंवा दगड ठेवू नका. गाडी निघून जाते आणि दगड तिथेच राहतो, रात्री त्यावर कुणीतरी टू-व्हीलर घालतो.

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 हा नंबर चोवीस तास चालतो. गस्तीची गाडी, क्रेन, अ‍ॅम्ब्युलन्स, तिघांसाठी तोच. जिवावर बेतलं असेल तर 112. इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर त्याचा नंबर पॉलिसीच्या कागदात असतो, तो आजच फोनमध्ये घालून ठेवायचा. विद्यार्थ्याला शेवटच्या दिवशी लायसन्सचा फॉर्म देताना हे तीन नंबर त्याच्यासमोर सेव्ह करून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

आता अशा गाड्या, ज्यांना दोरी लावायचीच नाही. ब्रेक किंवा स्टिअरिंगमध्ये बिघाड असलेली गाडी, हे उघड आहे. ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्समधलं तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून चाकं फिरवत नेली तर न्यूट्रलमध्येही आतले भाग तेलाशिवाय घासत राहतात. एएमटी, म्हणजे साध्या गिअरबॉक्सचे गिअर आपोआप बदलणारी गाडी बंद पडताना गिअरमध्ये अडकली तर न्यूट्रल सापडत नाही. इलेक्ट्रिक गाडीत चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार करायला लागते, त्यातून मोठं नुकसान होऊ शकतं. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीचं तसंच. या सगळ्यांना पाठीवर घेऊन जाणारी, आडव्या प्लॅटफॉर्मची गाडी मागवायची. फोन करतानाच "माझी गाडी ऑटोमॅटिक आहे", "इलेक्ट्रिक आहे" असं सांगायचं, म्हणजे हूकवाली क्रेन येऊन परत जायची वेळ येत नाही. हिंजवडी, बाणेर, खराडीकडे अशा गाड्या झपाट्याने वाढल्या आहेत आणि तुमच्याकडे शिकायला येणारे पुष्कळ जण आता पहिलीच गाडी ऑटोमॅटिक घेतात. त्यांच्या मॅन्युअलचं टोइंगचं पान त्यांच्याकडून वाचून घ्या. प्रत्येक कंपनी ते पान देते.

पावसाळ्यासाठी थोडंसं. 25 जुलै 2024 ला सिंहगड रोडच्या एकता नगरीत नदीचं पाणी शिरलं, तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. पाण्यातून निघालेल्या गाडीला स्टार्टर मारायचा नाही आणि ढकलून चालू करायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची वायर काढायची, मग गाडी उचलून गॅरेजला. उशीर झाला तरी चालतो, किल्ली फिरवली तर इंजिनचं काम निघतं.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. विद्यार्थी रोज अर्धा तास येतो, त्याला लवकर लायसन्स हवं असतं. फी वाढवली तर तो शेजारच्या स्कूलमध्ये जातो. आरटीओच्या टेस्टला बंद गाडीबद्दल कुणी विचारत नाही, मग शिकवायचं कशासाठी? पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 31 व्या नियमाने खासगी कारसाठी कमीत कमी 21 दिवस आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे दहा तास ठरवून दिले आहेत, आणि गाडीच्या यंत्रणेची ओळख त्या अभ्यासक्रमातच आहे. बंद गाडीचा तास त्यातच बसतो. पावसामुळे किंवा गाडी सर्व्हिसिंगला गेल्यामुळे एखादा दिवस वाया जातोच, ब्रेकचा आणि कडीचा भाग त्या दिवशी उभ्या गाडीत घेता येईल.

भीतीचा मुद्दाही काही सर मांडतात. नवशिक्या माणसाला, विशेषतः बायकांना, गाडी बंद पडण्याच्या गोष्टी सांगितल्या की त्या घाबरतात आणि क्लास सोडतात, असं त्यांचं म्हणणं. माझा अनुभव वेगळा आहे. गॅरेजमध्ये येणाऱ्या ताई मला कडी कुठे आहे ते विचारून घेतात, स्वतः घट्ट करून बघतात. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीभोवती जमलेले चार अनोळखी पुरुष "तुम्ही सरका, आम्ही बघतो" म्हणून स्टिअरिंग हातात घेतात, त्याची त्यांना जास्त भीती वाटते. आपल्याला काय करायचं आणि काय करू द्यायचं नाही हे माहीत असलं की ती बाई ठामपणे "दोरी बंपरला नाही, इथे बांधा" म्हणू शकते. हे बळ तुम्ही देऊ शकता.

एवढं मागतो आहे तर माझ्याकडून काय, तेही लिहितो. आमचं गॅरेज गुरुवारी बंद असतं. ज्या स्कूलला हा तास सुरू करायचा असेल त्यांच्या प्रशिक्षकांनी गुरुवारी सकाळी यावं. दोन टोचन पट्टे, एक बार, वेगवेगळ्या गाड्यांच्या कड्या आणि एक इंजिन उतरवलेली पण ब्रेक-स्टिअरिंग शाबूत असलेली जुनी हॅचबॅक मी देतो. तिच्या बूस्टरमध्ये व्हॅक्यूम नसते, त्यामुळे पेडल पहिल्यापासूनच कडक लागेल. सरावासाठी ती उत्तम आहे. मागे कुंपण घातलेली सपाट जागा आहे. एका वेळी चार-पाच जण आले तर प्रत्येकाला मागच्या गाडीत बसून दोन फेऱ्या मारता येतील. पैसे घेणार नाही. आसपासच्या इतर गॅरेजवाल्यांशीही बोललो आहे. कात्रज आणि वारजे बाजूचे दोघं त्यांच्या जागेत हेच करायला तयार आहेत. भोसरी, हडपसर, वाघोलीकडच्या स्कूलना एवढ्या लांब येणं जमणार नाही, त्यांनी आपापल्या ओळखीच्या मिस्त्रींना हे पत्र दाखवावं.

दिवाळीच्या सुट्टीत गावाला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते आणि बायपासवर बंद पडणाऱ्या गाड्याही तेव्हाच वाढतात. त्याआधीच्या बॅचपासून सुरुवात झाली तर बरं होईल. येताना सरांनी अंगावर जुने कपडे घालून यावं, कडी शोधायला गाडीखाली वाकावं लागतं.

आपला,
नऱ्ह्यातला एक गॅरेजवाला
पुणे